दुलईची हजेरी

खरं तर ती एकाच मुलीची आत्या होती. पण ती मुलगी चार वर्षांची असताना पागेच्या फाटकातून "आत्या" अशी हाक मारत शिरली आणि तिच्यामागून आलेल्या सहा पोरांनी ती हाक जशीच्या तशी उचलली. मग पोरांच्या आयांनी उचलली, नालबंदाने उचलली, जनावरांच्या डॉक्टरांनी उचलली, आणि वीजबिल वाटणारा माणूससुद्धा "आत्या आहेत का?" असंच विचारायला लागला. आता तर तिचं कागदोपत्री नाव तिला स्वतःलाही आठवून सांगावं लागे. तिची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. भाची मात्र अधूनमधून सगळ्यांना बजावायची की आत्या मुळात माझी आहे. ही भाची अंगाने काडीसारखी आणि बोलायला टोकदार, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत.

पागा गल्लीच्या टोकाला होती, सुताराच्या कारखान्याला लागून. त्यामुळे तिथे दिवसभर दोन वास एकमेकांत मिसळलेले असत, ताज्या भुशाचा आणि वाळल्या गवताचा. लांबट शेड, त्यात तीन खण, पुढे अंगण, अंगणापलीकडे कुंपण घातलेलं कुरण आणि मागे पाचसात फळझाडं. उन्हं कलली की शेडच्या फटींतून प्रकाशाच्या पट्ट्या आत येत, त्यात धूळ सावकाश वरखाली होत राही, आणि तिन्ही तट्टू डोळे अर्धे मिटून त्या धुळीकडे पाहत उभी असत. अशा वेळी पागेत शिरणारा माणूस आपोआप हळू बोलायला लागे.

तट्टू हा शब्द आपण लोक फार वाईट वापरतो. कोणाला हिणवायचं असलं की आपल्याला तट्टू आठवतं. आत्यासमोर कोणी तसं बोललं तर तिचा पारा चढत असे. ती म्हणायची, आधी पंधरा मिनिटं एखाद्या तट्टूच्या मानेला कान लावून उभे राहा, मग बोला. आणि खरोखरच ती माणसाला दंडाला धरून उभं करायची.

तिच्या पागेत तीन तट्टू होती. पहिली दुलई. पांढुरकी, जाड केसांची, आणि इतकी ऊबदार की तिच्या पाठीवर डोकं टेकलं की मुलांना पेंग येत असे. आजवर दोन मुलं तिला टेकून उभ्याउभ्या झोपलेली होती, आणि ती जागी होईपर्यंत दुलईने पाय हलवला नव्हता. दुसरा खोडरबर. रंगाने राखाडी. दिसेल त्याच्या खांद्यावर कपाळ घासायची त्याला भारी हौस. त्या घासण्यात कित्येकांची बटणं गेली होती आणि एकदा डॉक्टरांचा चष्मा गेला होता. तिसरा हेडमास्तर. तांबडा, पोट सुटलेला, आणि सतत तपासणीवर असल्यासारखा. कोणाच्या दप्तरात काय आहे हे त्याला कळलंच पाहिजे असे. त्याला सोबतीची गरज नव्हती. स्वतःची सोबत त्याला पुरत होती.

दुलई आणि खोडरबर यांचं तसं नव्हतं. एकोणीस वर्षं ते शेजारशेजारच्या खणांत राहिले होते. मधली भिंत छातीइतकीच उंच. तिच्यावर दोघेही हनुवटी टेकून उभे राहत, एकमेकांच्या आयाळीत नाक खुपसून. इतकी वर्षं टेकून टेकून त्या भिंतीच्या माथ्यावर दोन गुळगुळीत खळगे पडले होते. गवंडी एकदा ते बुजवून देतो म्हणाला, तर आत्याने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

बुधवारी आणि शनिवारी दुपारी मुलं येत. नवं मूल आलं की त्याला वाटे, आता आपल्याला पाठीवर बसवतील. आत्या त्याच्या हातात खरारा द्यायची. आधी गोल गोल हात फिरवून अंग मोकळं करायचं, मग लांब हात मारून केस बसवायचे, मग खुरातली माती काढायची. ते झालं की खेळ. पण खेळ मुलांसाठी नव्हे, तट्टूंसाठी. गाजराचे तुकडे गवताच्या ढिगात, जुन्या टायरात, उलट्या बादलीखाली लपवायचे आणि तट्टूंना शोधायला सोडायचं. टबात पाणी भरून त्यात सफरचंदं तरंगत ठेवायची. हेडमास्तर ती पकडताना कानापर्यंत भिजे. दुलईच्या पाठीवर खडूच्या पाण्याने चित्रं काढायची आणि मग तिलाच आंघोळ घालायची. कोणाला वाचताना अडखळायला होत असेल त्याने पुस्तक घेऊन खोडरबरच्या खणात बसायचं, कारण तो चुका काढत नसे. आणि खराऱ्यातून निघालेले केस तारेच्या जाळीच्या गोळ्यात भरून झाडाला टांगायचे. चिमण्या येऊन ते घरट्यांसाठी ओढून नेत.

या सगळ्याआधी आणि सगळ्यानंतर हजेरी. पागेतला हा सगळ्यांत कडक नियम. आल्या आल्या प्रत्येकाने प्रत्येक तट्टूसमोर तळवा उघडा धरायचा आणि त्याचा गरम श्वास तळव्यावर येईपर्यंत थांबायचं. श्वास आला की हजेरी लागली. जातानाही तसंच. आल्याचं सांगितलं तर गेल्याचंही सांगायला हवं, असं आत्याचं म्हणणं, कारण न सांगता नाहीशा झालेल्या माणसाला तट्टू शोधत बसतात. एकदा जुळ्या बहिणींपैकी एक जातानाची हजेरी न देता घरी गेली, तर आत्याने फोन करून तिच्या बापाला अर्ध्या वाटेतून गाडी वळवायला लावली होती. नालबंदसुद्धा हत्यारं गुंडाळून झाली की निमूट तळवा दाखवून जाई.

आणि एवढ्या नियमाच्या बाईने ज्या दिवशी नियम पाळायचा त्याच दिवशी मोडला.

सोमवारी सकाळी दुलई उठली नाही. एकतीस वर्षांची झाली होती. डॉक्टर आले, कानाला नळी लावून बराच वेळ ऐकत बसले आणि म्हणाले, हृदय थकलंय, दुखत काही नाहीये, पण दुपारपर्यंतच. आत्याच्या मनात पहिला विचार आला तो खोडरबरचा. त्याने हे बघू नये. भिंतीवरून मान घालून तो तिच्याकडे पाहत होता. आत्याने त्याच्या तोंडाला दोराची मोरखी घातली आणि तो मागे वळून वळून पाहत असताना त्याला रस्त्यापलीकडच्या दूरच्या कुरणात सोडून आली. मग दुलईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शेडमधल्या उजेडाच्या पट्ट्या भिंतीवरून उतरून जमिनीवर आल्या, तिथून दुलईच्या अंगावर चढल्या, आणि त्यातली एक तिच्या डोळ्यावर आली तरी तिची पापणी हलली नाही.

मागच्या फळझाडांपलीकडच्या पडीक तुकड्यात खड्डा खणून तिला पुरलं. आत्या रडली नाही. तिला दुःख झालं की ती साफसफाई काढायची, लहानपणापासून तशीच. तिने खण धुऊन काढला, फिनेल टाकून दोनदा खरवडला. दुलईची झूल धुतली, मोरखी धुतली, खरारा सोड्याच्या गरम पाण्यात उकळून काढला. मधल्या भिंतीचा माथासुद्धा, खळग्यांसकट, ब्रशने घासला. खोडरबरला काही आठवायलाच नको, म्हणजे त्रास कमी होईल, असा तिचा हिशोब. संध्याकाळी तिने त्याला आत आणलं तेव्हा पागा दवाखान्यासारखी लख्ख होती.

खोडरबरने भिंतीवरून मान घातली. नाक भिंतीवर फिरवलं, पलीकडच्या जमिनीकडे नेलं, आणि फिनेल झोंबल्यामुळे मागे घेतलं. मग त्याने आत्याकडे पाहिलं. ते पाहणं आत्याला पुढे पाच दिवस विसरता आलं नाही.

मंगळवारी तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. रस्त्यावरून काही वाजलं की कान टवकारायचा, खिंकाळायचा आणि उत्तराची वाट पाहायचा. सुताराच्या कारखान्यातले कामगार काम थांबवून ऐकत. त्या दिवशी त्याने अर्धं गवत खाल्लं. आत्या म्हणाली, होईल सवय.

बुधवारी मुलं यायची होती. आत्या सकाळपासून वाक्यं जुळवत होती. पण मुलं आली, तळवे पुढे करून रांगेत उभी राहिली, दुलईच्या खणासमोर येऊन थबकली, आणि आत्याच्या तोंडून निघून गेलं की दुलई हवापालटाला गेली आहे, समुद्रावर. तिच्या गुडघ्यांना ती हवा मानवते.

खोटं बोलायची सवय नसलेलं माणूस एकदा बोललं की थांबत नाही. मुलांतला एक जण इतके प्रश्न विचारायचा की त्याचं नावच प्रश्नचिन्ह पडलं होतं. त्याने विचारलं, ती कशातून गेली? आत्या म्हणाली, मोठ्या गाडीतून. गाडीत खिडकी होती का? होती. तिला पोहता येतं का? थोडं थोडं. मुलांचे डोळे चमकायला लागले. पांढुरकी दुलई लाटांत गुडघाभर उभी आहे, तिची आयाळ वाऱ्यावर उडते आहे, हे सगळ्यांना दिसायला लागलं. खरं सांगायचं तर आत्यालाही दिसायला लागलं, आणि दोन घटका तिला फार बरं वाटलं. मुलं म्हणाली, आम्ही तिला पत्रं लिहितो, शनिवारी आणून देतो. तिने मान हलवली. टाचणी तेवढी आत्याच्या तोंडाकडे बघत होती.

गुरुवारी खोडरबरने चार घास खाल्ले. आत्याने त्याचे आवडते सगळे लाड करून पाहिले. कोमट पाण्यात भिजवलेला कोंडा केला, गाजरं किसली, हाताने भरवायला गेली. तो तोंड फिरवी, अगदी सभ्यपणे, आणि पुन्हा फाटकाकडे बघे. हेडमास्तरला शेजारच्या खणात आणून बांधलं, तर त्याने खोडरबरचा कोंडा संपवला आणि भिंतीकडे पाठ करून झोपला. सगळ्यांत जाणवत होतं ते हे की खोडरबर आता कोणाच्या खांद्याला कपाळ घासत नव्हता.

शुक्रवारी डॉक्टर आले. पोट दाबून पाहिलं, दात पाहिले, रक्त घेतलं. आजार नाही म्हणाले. पण तट्टूचं शरीर उपाशी राहायला बनलेलं नाही, चरबी रक्तात उतरते आणि मग हातात काही राहत नाही. रविवार सकाळपर्यंत खायला लागला नाही तर शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यावं लागेल. आणि सव्वीस वर्षांच्या जनावराला तो प्रवास झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. हे सांगताना ते चष्मा पुसत होते, पुसून झाला तरी पुसत राहिले.

त्याच दुपारी नालबंद आला. हेडमास्तरच्या पुढच्या पायांचं काम होतं. नालबंद मोजकं बोलणारा माणूस. खूर मांडीवर धरून अर्धा तास गेला तरी एखादाच शब्द निघायचा. काम संपवून त्याने हत्यारं गुंडाळली, हजेरीसाठी खोडरबरसमोर तळवा धरला. श्वास आला नाही. खोडरबर त्याच्या डोक्यावरून रस्त्याकडे पाहत होता. नालबंद तळवा तसाच धरून उभा राहिला.

"आत्या, एक विचारतो, रागावू नका. त्याला दाखवली होतीत का ती?"

आत्या म्हणाली, कशाला दाखवायची, मी मुद्दाम त्याला लांब नेलं होतं.

"नऊ वर्षं येतोय मी इथे," नालबंद म्हणाला. "मी नाल ठोकणारा माणूस, तरी मला हात दाखवल्याशिवाय सोडत नाही तुम्ही. आणि तिला तशीच नेलीत?"

तो पुढे म्हणाला की तो हिंडतो त्या बहुतेक पागांत एखादं जनावर गेलं की जोडीदाराला तासभर त्याच्यापाशी उभं करतात. ते हुंगतं, खुराने उठवून पाहतं, कधी हाक मारतं. मग त्याचं ते समजतं आणि चालायला लागतं. एवढं बोलून तो निघाला, फाटकाशी थांबला, परत आला आणि हेडमास्तरसमोर तळवा धरून गेला.

आत्या कोंड्याच्या पिंपाशेजारी बसून राहिली. तिला स्वतःचा राग आला, आणि लाजही वाटली. दुलईला आता वर काढणं शक्य नव्हतं. खोडरबरला तिच्या जागेवर नेता आलं असतं, पण नुसती माती हुंगून त्याला काय कळणार? तिचा वास हवा. आत्याने शोधाशोध सुरू केली. झुलीला साबणाचा वास येत होता. मोरखीला साबणाचा वास येत होता. खराऱ्यात एक केस उरला नव्हता. तिनेच उकळला होता. आयुष्यात पहिल्यांदा तिला आपल्या स्वच्छ हातांचा वैताग आला.

मग तिला झाडावरचा तारेचा गोळा आठवला. ती धावत मागे गेली. गोळा रिकामा होता, चिमण्यांनी सगळा नेला होता. वरच्या फांदीच्या बेचक्यात मात्र एक घरटं दिसत होतं, आणि त्याच्या कडेने पांढुरके केस बाहेर आलेले होते. आत्याने स्टूल आणलं, वर चढली, हात लांब केला. घरट्यात चिमणी बसली होती. ती उडाली नाही. दुलईच्या केसांत पोटापर्यंत रुतून ती आत्याकडे बघत राहिली. मंद वारा होता, फांदी वरखाली होत होती, घरटं हलत होतं आणि चिमणीचे डोळे हळूहळू मिटायला लागले होते. दुलईला टेकलं की पेंग येतेच. आत्या हलक्या पावलाने स्टुलावरून उतरली.

आता दुलईचं काही उरलं असेल तर ते मुलांच्या घरी. मुलं इथून काहीबाही नेत असत, हे तिला ठाऊक होतं. पण मागायचं तर का ते सांगावं लागणार होतं.

शनिवारी मुलं पत्रं घेऊन आली. जुळ्यांनी मिळून एकच लांबलचक पत्र लिहिलं होतं, गुंडाळी केलेलं. प्रश्नचिन्हाच्या पत्रात चौदा प्रश्न होते आणि खाली मोठं केशरी गाजर काढलेलं होतं. मुलांनी तळवे धरले. खोडरबरने कोणाचीच हजेरी घेतली नाही. मुलं एकमेकांकडे पाहायला लागली.

आत्याने सगळ्यांना गवताच्या गठ्ठ्यांवर बसवलं. स्वतः उभी राहिली, कारण बसली असती तर बोलणं झालं नसतं.

"दुलई समुद्रावर गेली नाही. ती सोमवारी दुपारी मेली. मी तुमच्याशी खोटं बोलले."

कोणी रडेल असं तिला वाटलं होतं. आधी कोणीच रडलं नाही. मग जुळ्यांतल्या एकीने दुसरीचा हात धरला आणि दोघी एकदमच रडायला लागल्या. प्रश्नचिन्हाने पत्र उलगडलं, स्वतःचे प्रश्न वाचून पाहिले आणि पुन्हा घडी घातली.

टाचणी गठ्ठ्यावर पाठ फिरवून बसली होती. भिंतीकडे तोंड करूनच ती म्हणाली, "माझी हजेरी राहिली."

"माझ्यामुळे राहिली," आत्या म्हणाली. "तुझीच नाही, त्याचीही राहिली. तो अजून तिची वाट बघतोय, म्हणून जेवत नाही. त्याला सांगायला मला तुमची मदत लागेल."

आणि मग तिने काय हवं आहे ते सांगितलं. न धुतलेलं, दुलईचं काहीही. मुलं उठली आणि धावली. अर्ध्या तासात गल्लीतली सगळी कपाटं उपसली गेली असावीत, कारण दोन आया मुलांमागोमाग पागेपर्यंत आल्या आणि फाटकाशी जरा घुटमळून आत शिरल्या.

जुळ्यांनी टोपी आणली, दुलईने एका बाजूने चघळलेली. एकाने स्वेटर आणला. त्याच्या बाहीवर दुलईची लाळ वाळली होती, आणि आईने धुऊ नये म्हणून त्याने तो खेळण्यांच्या खोक्यात तळाशी दडवला होता. एकीने कंपासपेटीतून शेपटीच्या केसांची वेणी काढली. प्रश्नचिन्हाने काड्यापेटी आणली. तिच्यात नालबंदाने कापलेल्या दुलईच्या खुराचं चंद्रकोरीसारखं कात्रण होतं. त्याचा वास असा होता की जवळ उभ्या असलेल्या आयांनी नाकं दाबली. आत्याने मात्र ती पेटी नाकाशी नेली आणि कितीतरी वेळ खाली घेतली नाही.

टाचणी सगळ्यांत शेवटी आली. तिच्या हातात दुलईच्या जुन्या झुलीचा फाटका अर्धा तुकडा होता. तो हरवला म्हणून आत्याने दोन हिवाळ्यांपूर्वी शोधून शोधून नाद सोडला होता. टाचणी तो अंगावर घेऊन झोपत असे, आणि घरी कोणी धुवायला घेतला की घर डोक्यावर घेत असे. तिने तो आत्याच्या हातात दिला नाही. स्वतःच छातीशी धरून चालायला लागली.

खोडरबरला मोरखी घातली. तो सवयीने फाटकाकडे निघाला. आत्याने त्याला फळझाडांकडे वळवलं तेव्हा तो अडला. चार पावलं गेला, पुन्हा अडला. आत्याने ओढलं नाही. मुलं मागे, पुढे, बाजूला, त्याच्या चालीने चालत होती, आणि सगळ्यांमागून त्या दोन आया. झाडांखालून जाताना कवडसे त्याच्या पाठीवरून, मुलांच्या डोक्यांवरून सरकत होते. पाच दिवसांच्या उपासाने त्याची पावलं हलकी पडत होती, जमिनीला लागतायत की नाही अशी.

नव्या मातीपाशी आल्यावर टाचणीने गुडघ्यांवर बसून झूल पसरली. बाकीच्यांनी आपापल्या वस्तू तिच्यावर ठेवल्या. खोडरबरने मान खाली घातली.

त्याने आधी वेणी हुंगली, मग टोपी, मग खुराचं कात्रण. मग नाक झुलीत खुपसलं आणि श्वास इतका लांब ओढला की बरगड्या दिसल्या. मग तो नाकातल्या नाकात फुरफुरला. ती खिंकाळी नव्हती. रोज सकाळी डोळे उघडले की भिंतीवरून तो दुलईला जो आवाज द्यायचा तो हा होता, मुलांनी न ऐकलेला, फक्त आत्याला माहीत असलेला. तो थांबला. कान पुढे करून ऐकत राहिला. पुन्हा एकदा तोच आवाज दिला. मग खुराने माती उकरली, एकदा, दोनदा. आणि मग पाय टेकवून उभा राहिला.

किती वेळ गेला ते कोणी पाहिलं नाही. मुलं मातीच्या कडेने बसून होती. ऊन कलत होतं. कारखान्यातली करवत कधीची थांबली होती. वरच्या घरट्यातून चिमणी येजा करत होती. जुळ्यांतली एक बहिणीच्या खांद्यावर झोपून गेली. शेडमधून हेडमास्तर आपली जेवणाची वेळ टळून गेल्याचं ओरडून ओरडून सांगत होता, पण इथे कोणाला घाई नव्हती. खोडरबरचा खालचा ओठ सैल पडला, कान बाजूला झाले. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदाच रस्त्याकडे पाहत नव्हता.

मग त्याने मान लांब केली आणि प्रश्नचिन्हाच्या मांडीवरचं पत्र उचललं. गाजरासकट चौदा प्रश्न त्याने सावकाश चावले आणि गिळले.

"ते दुलईचं होतं," प्रश्नचिन्ह म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "चालेल."

कोणी हसायच्या आत दुसरा आवाज आला. मातीच्या कडेचं हिरवं गवत दातांनी कचकन तुटल्याचा. पुन्हा कचकन, मग चघळण्याचा. जगात याहून गोड आवाज आत्याने ऐकला नव्हता. सोमवारपासून अडलेलं सगळं रडू तिला तेव्हा आलं. ती मुलांसमोर, आयांसमोर, तोंड न झाकता रडली, आणि पदर नसल्यामुळे खोडरबरच्या आयाळीला डोळे पुसले.

निघताना कोणी सांगितलं नव्हतं, पण मुलांनी रांग लावली. एकेकाने मातीवर तळवा ठेवला, जरा थांबला आणि उठला. टाचणी बराच वेळ बसली. शेवटी आत्या गुडघ्यांवर बसली आणि तळवा उघडा करून मातीवर धरला. नियम तिचाच होता, श्वास येईपर्यंत थांबायचं. इथे श्वास येणार नाही हे तिला माहीत होतं. तरी तिला हात मागे घेववेना.

तेवढ्यात तिच्या खांद्यावरून एक राखाडी मान खाली आली. गवताच्या हिरव्या रसाने ओलं झालेलं नाक तिच्या तळव्यात टेकलं आणि गरम, लांब श्वास सोडून गेलं. आत्याची हजेरी लागली. मग खोडरबरने आपलं कपाळ तिच्या खांद्याला लावलं आणि पाच दिवसांचं राहिलेलं सगळं एकदम घासायला सुरुवात केली. तिचं वरचं बटण उडालं, तोल गेला आणि ती मातीत बसकण मारून पडली.

टाचणीने पुढे होऊन तिला हात दिला. आत्या उठून कपडे झटकायला लागली, मग झटकायची थांबली. तिने झूल उचलून टाचणीपुढे धरली. टाचणीने ती घेतली, खोडरबरच्या पाठीवर घातली, आणि म्हणाली की आजपासून ही त्याच्याकडेच राहील, फक्त आत्याने ती धुवायची नाही.